डफडं टाकलेला देवराव

साठ-एकसष्ट साली भिलाईच्या कॅम्प दोनमध्ये देवराव खलाशी कुठं राहतो असं विचारलं, की समोरचा हमखास उलट विचारायचा, कोणता, तो ठोकणारा का? हो, तोच. खलाशी म्हणजे इथं समुद्रावरचा नव्हे. कारखाना उभा राहत होता तेव्हा चेन-पुली आणि तारेचे दोर लावून अवजड लोखंड वर चढवणाऱ्या टोळ्या होत्या, त्यातला हा गडी. तीस माणसांनी एकाच क्षणी जोर लावायचा असतो. एकानं आधी ओढलं आणि दुसऱ्यानं नंतर, तर गर्डर झोक खातो, आणि खाली कोणाचं ना कोणाचं डोकं असतंच. म्हणून बाकीच्या टोळ्यांत एक जण घसा फाटेस्तोवर ओरडायचा. देवरावच्या टोळीत ओरडणं नव्हतं. तो रुळाचा एक तुकडा टांगायचा आणि पान्यानं त्यावर ठोके द्यायचा. तीन सरळ, दोन जवळजवळ, आणि मग एक असा, की माणूस तेलुगू असो, बिहारी असो की छत्तीसगढी, त्याचे हात आपोआप ताणले जायचे. चार वर्षांत त्या टोळीतला एकही माणूस जायबंदी झाला नाही. मुकादम म्हणायचा, याच्या मनगटात घड्याळ बसवलंय देवानं.

घड्याळ-बिड्याळ काही नाही. त्याच्या मनगटात डफडं होतं, आणि ते त्यानं टाकून दिलेलं होतं.

देवराव भंडारा जिल्ह्यातल्या चिचटोल्याचा. गावाबाहेरची वस्ती त्यांची, आणि बाप नत्थू हा गावाचा वाजंत्री. बकऱ्याच्या कातड्याचं, काखेत मावणारं डफडं शेकोटीवर शेकून तापवायचं आणि दोन काड्यांनी वाजवायचं. पोळा असो, दवंडी असो, मयत असो, नत्थू हजर. लग्नात तर विचारूच नका. मांडवाबाहेर उन्हात उभं राहायचं, वरात येईपर्यंत वाजवायचं, पंगती उठल्या की उरलंसुरलं खायचं. आणि सगळ्यात शेवटी वाजंत्र्याचा मान. म्हणजे काय, तर पाटलाच्या घरची जाणती बाई सुपात तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी घेऊन ओसरीच्या काठाशी यायची. वाजंत्र्यानं खाली अंगणात कमरेत वाकायचं, खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी पसरायचा आणि म्हणायचं, जोहार मायबाप. ती वरून सूप रितं करायची, हातभर अंतर राखून. याला मान म्हणायचे! ज्या कोणी हे नाव शोधून काढलं त्याच्या डोक्याला नमस्कार केला पाहिजे.

देवराव सात वर्षांचा असल्यापासून बापाशेजारी उभा राहून वाजवायला शिकला. वाकायलाही तो तेव्हाच शिकला. दोन्ही विद्या एकाच उस्तादाकडून आणि एकाच मांडवात.

मग छप्पनचा दसरा आला. अख्खी वस्ती रेल्वेनं नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन, बौद्ध होऊन परत आली. आल्या आल्या बैठक बसली. मेलेली ढोरं ओढणं बंद, जोहार बंद, वाजवणं बंद. वस्तीतली बावीस डफडी मधल्या चौकात रचून जाळायचं ठरलं. पण पहिलं टाकायला कोणी पुढं होईना, कारण कितीही झालं तरी हातात वाढलेली वस्तू होती ती. नत्थू उठला. चाळीस वर्षं वाजवलेलं डफडं त्यानं चौकात ठेवलं, देवरावच्या हातातलं काढून त्यावर ठेवलं आणि बाकीची येऊन पडल्यावर काडी ओढली. कातडं चरचरू लागलं तेव्हा तो पोराला म्हणाला, "डोस्कं एका दिवसात सुधरते बावा. हाताले टाइम लागते. हाताले अक्कल नसते. म्हनून हे जाळा लागते."

देवरावनं मान हलवली. बाविसाव्या वर्षी माणूस कशालाही मान हलवतो.

दुसऱ्या वर्षी तो भिलाईला आला. नत्थू गावीच राहिला आणि वर्षभरात वारला. शेवटचे चार दिवस त्याची बोटं खाटेच्या काठावर सारखी वाजत होती, आणि त्याला ते कळत नव्हतं. गावी धावून आलेल्या देवरावनं ते पाहिलं होतं. पाहून शहाणं व्हायला पाहिजे होतं, पण तसं होत असतं तर मग काय पाहिजे होतं!

टाइम ऑफिसात विजयकुमार नावाचा नागपूरचा क्लार्क होता. गोड गळ्याचा, अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा, आणि ऑर्केस्ट्राच्या नादानं खुळा झालेला. कारखान्यातल्याच सात-आठ बाबू लोकांना जमवून तो क्लबात सिनेमाची गाणी करायचा. एक रशियन साहेब मायदेशी जाताना आपला ड्रमचा संच क्लबाला देऊन गेला होता, पण तो वाजवणारा रेल्वेतला मुलगा बदली होऊन बिलासपूरला गेला आणि ड्रम धूळ खात पडला. विजयकुमार एकदा हजेरी तपासायला साइटवर आला, रुळावरचे ठोके ऐकले, आणि हजेरी विसरून अर्धा तास तिथंच उभा राहिला. मग त्यानं देवरावला विचारलं, "तुम्ही हे कुठं शिकलात?"

तुम्ही! कारखान्यात शिरल्यापासून बाबू लोकांतल्या कोणी त्याला तुम्ही म्हटलेलं नव्हतं. देवराव म्हणाला, कुठंच नाही.

क्लबात नेऊन विजयकुमारनं तो संच दाखवला. मधे मोठा नगारा, मांडीशी एक पसरट ड्रम, बाजूला दोन टांगलेले, वर पितळी झांजा. देवरावनं पहिल्यांदा काय केलं असेल? शेकोटी कुठं करता, असं विचारलं. विजयकुमार पोट धरून हसला आणि चावीनं कातडं कसं ताणायचं ते त्यानं दाखवलं. मग या वाद्याची कुळकथा सांगितली. बँडमध्ये आधी तीन माणसं लागायची, एक मोठा ढोल, एक छोटा, एक झांजा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी ढोलाला पायानं दाबायचा हातोडा लावला, झांजाही पायाखाली घेतल्या, आणि तिघांचं काम एकाच्या अंगावर आलं. तिथून हॉटेलातले जॅझवाले हे घेऊन कलकत्त्याला-मुंबईला आले, हॉटेलातून सिनेमात शिरले, आणि आता रेडिओवर जे गाणं लावाल त्यात हा मागं बसलेलाच. आणि गंमत ऐका, विजयकुमार म्हणाला, त्या काळ्या लोकांचे आजे-पणजे गुलाम होते, आणि त्यांनी ढोल वाजवू नये म्हणून कित्येक ठिकाणी मालकांनी कायदे केले होते.

देवरावनं त्या ड्रमच्या कातड्यावरून हात फिरवला. तिकडं मालक म्हणायचे, वाजवायचं नाही. इकडं म्हणायचे, वाजवच. आणि त्या लोकांच्या नातवंडांनी आपलं आपण परत घेतलं, तेही खुर्चीवर बसून. हा विचार त्याच्या डोक्यात घुसला तो घुसलाच. चार वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला कोणी बुंदीचं ताट दाखवावं आणि वर सांगावं की यात पापही नाही, मग तो काय करणार?

घरी सत्यभामेनं ऐकून घेतलं. ही त्याची बायको, शेजारच्याच गावची, तिचा बापही वाजंत्रीच. ती म्हणाली, "रशियाचं असो का चिचटोल्याचं, चामडं ते चामडंच." देवरावनं तिला सगळं समजावलं. हे विलायती आहे, स्टेजवर आहे, बसून वाजवायचं आहे, अंगात कोट असतो, बाकीचे सगळे जण क्लार्क आहेत. मी वाजवीन आणि ताठ राहीन, मग वाजवणं वाईट की वाकणं वाईट ते तरी ठरेल. शेवटी तो म्हणाला, "ज्या दिवशी मी कोनापुढं वाकलो, त्या दिवशी काड्या टाकीन. तुले सांगाची पाळी नाई येनार."

"बाबाजीनं काऊन जाळलं होतं मंग?" सासऱ्याचं नाव काढून तिनं विचारलं. देवराव चपला घालून बाहेर गेला.

तर पैज ही अशी. आणि ती बायकोशी नव्हती, मेलेल्या बापाशी होती.

दोन महिन्यांत तो तयार झाला. पायाला वेळ लागला, हातांना मुळीच नाही. क्लबातल्या पहिल्याच कार्यक्रमात विजयकुमारनं माइकवरून सांगितलं, ड्रमवर श्री. देवराव नत्थूजी, आणि तीनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापाचं नाव माइकवरून! त्या नावाला आजवर कोणी जी लावलेला नव्हता. देवरावच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुढच्या गाण्याची सुरुवातच त्याच्या हातून निसटता निसटता राहिली.

कॅम्पात मात्र गडबड झाली. तिथल्या बौद्ध विहार मंडळाचे गुलाबराव घरी येऊन गेले. चांगला माणूस, ओरडला-बिरडला नाही. एवढंच म्हणाला की लहान पोरांना आम्ही सांगतो वाजवायचं नाही आणि ती विचारतात, देवरावकाका काऊन वाजवतात? मंडळाच्या बैठकीचा निरोप हळूहळू देवरावला यायचा बंद झाला. सत्यभामेला नळावर बाया बोलेनाशा झाल्या. त्यानं मनाला समजावलं, थोडे दिवस जाऊ द्या, ताठ राहिलेला माणूस दिसला की कळेल यांना.

त्रेसष्टच्या एप्रिलात कार्यक्रम संपल्यावर एक सुटाबुटातला माणूस स्टेजजवळ आला आणि निरखून बघत म्हणाला, "तू नत्थूचा देवराव नव्हे का रे?" बाबाराव पाटील! चिचटोल्याच्या पाटलाचा मोठा मुलगा, आता इथं स्टोअर्समध्ये अधिकारी. देवरावनं कोटाची बटणं लावली. पण बाबाराव खरोखरच हरखला होता. गावचा माणूस, किती नाव काढलंस, वगैरे वगैरे. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं, रत्नमालाचं लग्न होतं, इथंच साहेब लोकांच्या सेक्टरात. विजयकुमारचा ऑर्केस्ट्रा ठरलाच म्हणून समजा, तो म्हणाला, आणि ड्रमवर आपला देवराव.

सत्यभामा म्हणाली, जाऊ नका. दुखणं आलं म्हणा, डुटी लागली म्हणा. देवराव ऐकेना. नाही म्हटलं तर त्याचा अर्थ मी अजून त्यांना भितो. हो म्हणून, कोट घालून, त्यांच्याच मांडवात खुर्चीवर बसून वाजवलं आणि ताठ परत आलो, की झालं. पैज जिंकायची जागा याहून चांगली कोणती? आता बोला! जिथं विहीर आहे तिथंच पोहता येतं हे दाखवायची हौस.

तरी त्यानं अटी घातल्या. विजयकुमारतर्फे निरोप गेला की ड्रम स्टेजवरच राहील, वरातीत चालत वाजवणार नाही, आणि जेवण सगळ्यांबरोबर. बाबारावनं सगळं कबूल केलं, वर म्हणाला, हे सांगायला पाहिजे का? जमाना बदलला.

आणि बदललाच होता की! लग्नाच्या दिवशी देवरावला बोट ठेवायला जागा सापडेना. काळा कोट, पांढरा शर्ट, गळ्याला बो. बाबारावनं स्वतः हार घातला, विजयकुमारला घातला तसाच. पंगतीत देवराव विजयकुमारच्या शेजारी बसला. बाबारावनं आग्रह करून त्याच्या पानात दुसऱ्यांदा बुंदी वाढली. चिचटोल्याहून आलेली चार म्हातारी माणसं समोरच्या ओळीत जेवत होती. त्यांनी बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि जेवत राहिली. देवरावला त्या घासागणिक बाप आठवत होता. तो मनात म्हणत होता, बाबाजी, पाहून घ्या.

दुपारनंतर तो असा वाजवत सुटला की नाचणारी पोरं थांबेनात. विजयकुमारचा आवाज बसला तरी ड्रम चालूच. संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न लागलं, आणि रात्री दिवे लागल्यावर मुलीची पाठवणी झाली. रडारड संपली, लोक पांगायला लागले, ऑर्केस्ट्रावाले वायरी गुंडाळू लागले. देवराव झांजा पुसत होता. संपलं होतं सगळं. जिंकला होता तो.

तेवढ्यात मांडवाच्या दाराशी बाबारावची आई आली. अंजनाबाई पाटलीण. ऐंशीच्या घरातली, डोळ्यांनी अधू, दोन दिवसांपूर्वीच गावाहून आलेली. तिच्या हातात सूप होतं. सुपात तांदूळ, त्यावर खोबऱ्याची वाटी. तिनं कोणाला विचारलं नव्हतं, कोणी तिला सांगितलं नव्हतं. घरातलं लग्न झालं, की शेवटी जे करायचं ते ती साठ वर्षं करत आली होती. ती स्टेजच्या बाजूच्या ओट्यावर चढली आणि प्रेमानं, अगदी प्रेमानं, हाक मारली, "नत्थ्याचं पोरगं कोठी हाय? त्याचा मान रायला."

पुढं जे झालं ते देवरावनं केलं असं म्हणता येत नाही. त्यानं झांज खाली ठेवली. तो स्टेजवरून उतरला. ओट्याच्या खाली, मातीत, तो उभा राहिला आणि कमरेत वाकला. खांद्यावर दुपट्टा नव्हता, तर त्याच्या दोन्ही हातांनी कोटाची दोन टोकं धरून पुढं पसरली. आणि तोंड म्हणालं, "जोहार मायबाप."

म्हातारीनं सूप रितं केलं, हातभर अंतर राखून. सुखी राय, ती म्हणाली.

तांदूळ कोटात पडल्याचा आवाज झाला आणि त्या आवाजानं देवरावला जाग आली. तो वाकलेलाच होता. कोणी त्याला धरून वाकवलं नव्हतं. कोणी दटावलं नव्हतं, मागितलंसुद्धा नव्हतं. उलट बाबाराव धावत आला, शरमेनं लाल होऊन आईवर चिडला, आई, हे काय लावलंस, जमाना कोणता आहे? म्हातारी गोंधळून म्हणाली, पोरानं पसरलं ना. विजयकुमारला तर काही कळलंच नाही. तो कौतुकानं म्हणाला, वा, गावचा जुना रिवाज दिसतो. आणि समोर चिचटोल्याची ती चार म्हातारी माणसं समाधानानं माना हलवत होती, जेवताना विस्कटलेलं काहीतरी परत जागेवर बसल्यासारखी.

कोणावर रागवायचं? एखाद्यानं हाकललं असतं, वेगळं पान मांडलं असतं, तर देवराव भांडला असता, ड्रम लाथाडून निघून आला असता, आणि कॅम्पात छाती पुढं काढून सांगितलं असतं. भांडायला समोर माणूस तर पाहिजे. इथं कोणीच नव्हतं, त्याचे स्वतःचे हात सोडून.

सेक्टरापासून कॅम्पापर्यंत तो कोटाची ओटी तशीच धरून चालत आला. वाटेत तांदूळ टाकून द्यावे असं त्याला शंभरदा वाटलं. पण लहानपणी याच तांदळाची वाट बघत घरातली पाच माणसं बसायची, आणि अन्न मातीत टाकायला तेच हात तयार होईनात. बघा कसे हात ते!

सत्यभामा दारात होती. तिनं कोटातले तांदूळ पाहिले, वर खोबऱ्याची वाटी पाहिली. ती वाजंत्र्याची मुलगी, तिला आणखी काय सांगायचं? तरी तिनं विचारलं, "वाकले?"

"मी नाई," देवराव म्हणाला. "हात वाकले."

ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद तिला कुठून होणार! सकाळी तिनं ते तांदूळ चिमण्यांना टाकले. कोट धुऊन, घडी घालून देवरावनं विजयकुमारला परत दिला आणि सांगितलं की आता जमणार नाही. विजयकुमार तीनदा घरी आला, कारण विचारलं, चिडलासुद्धा. देवरावनं कारण सांगितलं नाही. सांगून त्याला कळलं असतं असंही नाही. पुढं क्लबाला दुसरा ड्रमवाला मिळाला.

गुलाबरावला कोणीतरी लग्नाची हकीकत सांगितली असावी. मंडळाचा निरोप पुन्हा यायला लागला. देवराव बैठकीला जायचा आणि शेवटच्या ओळीत बसायचा. जय भीम म्हणताना त्याचा आवाज निघायचा नाही, कारण त्या तोंडाचा त्याला आता भरवसा राहिला नव्हता. साइटवर त्यानं रुळाचा तुकडा टांगणं सोडलं. मुकादमानं शिट्टी आणली. शिट्टीवर गर्डर चढायचे, पण झोक खात चढायचे, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच टोळीतल्या एका बिहारी पोराचा पाय गेला. देवरावनं तेही आपल्याच हातांच्या नावावर टाकलं.

अडुसष्ट साली त्याची मुलगी नलू अकरा वर्षांची होती. पंधरा ऑगस्टच्या संचलनासाठी शाळेत मुलींचा बँड निघणार होता आणि बाईंनी वर्गातून तिला निवडलं होतं, साइड ड्रमसाठी. तिचा ताल उपजत आहे म्हणे. ती दोन काड्या घेऊन नाचतच घरी आली. देवरावनं काड्या पाहिल्या आणि नको म्हणाला.

नलू हिंदी शाळेतली, बापाशी तेवढी मराठी बोलायची. तिनं विचारलं, "काऊन नाई, बाबा? शाळेचा ड्रम हाये. युनिफॉर्म हाये. सब लोग ताली बजाते हैं. त्यात वाकडं काय हाये?"

यातलं एक ना एक वाक्य देवरावचं स्वतःचं होतं. सत्यभामा चुलीशी थांबून नवरा काय म्हणतो ते बघत होती. देवराव पोरीच्या हातांकडे बघत होता. त्या हातांनी कधी वाकणं पाहिलेलं नव्हतं. कदाचित तिला काहीच झालं नसतं. कदाचित तीच ताठ राहिली असती, मांडवात, स्टेजवर, कुठंही. हे त्याला कळत होतं. वाजव, एवढं म्हणायचं होतं. त्यानं दोनदा तोंड उघडलं, पण त्या तोंडातून आता काय बाहेर पडेल याची त्याला खात्री नव्हती. तो आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी नलूनं काड्या शाळेत परत केल्या. बाईंनी विचारलं, क्या हुआ, घर में मना किया? नलूला खरं कारण माहीत नव्हतं, आणि बापाला वाईट म्हणवून घ्यायचं नव्हतं. ती म्हणाली, मेरे बाबा के हाथ दुखते हैं.